गोणपाटाच्या पलीकडची म्हातारी

उल्हासनगरला तेव्हा आम्ही कॅम्पच म्हणायचो. लष्कराच्या जुन्या बराकी, आणि त्यांत गोणपाटाचे पडदे लावून पाडलेली सिंधी निर्वासितांची बिऱ्हाडं. मी अंबरनाथची, नुकती मॅट्रिक झालेली, तिथल्या एका पाहणीच्या कामाला लागले होते. साहेबांनी नकाशा काढायला शिकवलं होतं. प्रत्येक बिऱ्हाडाचा एक गोल. कुणी कुणाच्या घरी जात असेल, तर त्या दोन गोलांमध्ये रेघ. ज्या गोलाला एकही रेघ नाही तो माणूस निराधार, त्याची रवानगी लांबच्या आश्रमात. माणसांची नाती पट्टीनं आखणाऱ्या त्या शहाणपणाची मला अजून चीड येते. स्वतःची जास्त येते, कारण पट्टी माझ्या हातात होती.

एका बराकीत पडद्याआड एक म्हातारी एकटी राहायची. तिनं आधी पापड आणि पाणी पुढे केलं. मी ठरलेला प्रश्न विचारला, "अम्मा, किसके घर जाती हो?"

"किसी के नहीं," ती म्हणाली. मी रेघ ओढली नाही.

पंधरा दिवसांनी तिला ट्रकमध्ये घालून नेलं. दुसऱ्या दिवशी मी बराकीत पाऊल टाकलं, तर पलीकडची शेजारीण मधलं गोणपाट बाजूला सारून अंगावर धावून आली.

"अकेली किसने बोला उसको? रोज टाट के नीचे से रोटी मैं सरकाती थी! मेरे बच्चे को वो सुलाती थी! रोज लड़ते थे हम दोनों!"

"पर वो बोली, किसी के घर नहीं जाती..."

"जाएगी कहाँ से? बीच में एक टाट! उसको कोई घर जाना बोलता है?"

मी तशीच साहेबांकडे गेले. माझ्याकडून एक रेघ राहिली असं सांगितलं, शेजारणीचंही सगळं सांगितलं. "रोजची भांडणं म्हणजे काही नातं नव्हे," ते म्हणाले. "आणि यादी वर गेली आता." त्यांनी नकाशाची गुंडाळी करून दोरी बांधली. ती गुंडाळी मी कपाटात ठेवली आणि बाहेर आले. त्याची आजही लाज वाटते.

रविवारी आश्रम शोधत गेले. म्हातारी पायरीवर बसली होती. मी हात जोडले, चुकले म्हणाले. तिनं ते ऐकलंच नाही.

"वो अब किससे लड़ती है?" एवढंच तिनं विचारलं.

तिकडे बराकीत, पडद्याच्या तिच्या बाजूला, आता कुणाची तरी पोती रचली होती. ते मी तिला सांगितलं नाही.