टोचणबाई सुई न घेता आल्या

दूध गॅसवर, मुलगा अर्ध्या दाढीत, सून बाळाला दुपट्ट्यात गुंडाळतेय आणि आजी एकाच वेळी तिघांना सूचना देताहेत, अशा नेहमीच्या गोंधळात दार वाजलं. दोन टकटका, थांबून एक. आजींनी न बघताच ओळखलं.

टोचणबाई! हे नाव पोरांनी ठेवलेलं. दवाखान्याच्या हजेरीपटावर बाईंचं काही वेगळं असणार, पण अठ्ठावीस वर्षांत कुणाला ते विचारायची गरज पडली नव्हती. खांद्याला निळी बर्फपेटी अडकवून त्या गल्लीतली बाळं टोचत आल्या होत्या. पहिल्या वर्षी आजींनीही त्यांना चकवलं होतं. ‘बाळ आत्याकडे गेलंय’ असं दारात सांगायला आणि आतून बाळाने भोकाड पसरायला एकच गाठ पडली. बाई रागावल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, आत्याकडून आलं की सांगा. बाळ दहा मिनिटांत परत आलं. तेच आता अर्ध्या दाढीत उभं होतं.

त्यानंतर आजी अशा काही फिरल्या, की बाई परवडल्या. कुणाची लस एक दिवस लांबली, की आजी त्या घरी जाऊन ठाण मांडत. आज तर खुद्द नातवाची क्षयाची लस. प्रसूतीच्या वेळी साठा संपला होता, म्हणून ती जन्मल्याबरोबर द्यायची राहून गेली होती. मुलाने रजा टाकलेली, आजी सातपासून तयार.

दार उघडलं तर बाईंच्या खांद्याला पेटीच नव्हती. आणि त्या म्हणाल्या, आज बाळाला दवाखान्यात आणू नका.

“बाई, तुम्हाला बरं नाही का?” आजींनी विचारलं, आणि खुर्ची पुढे केली.

बाईंना एक खोड होती. कार्ड भरताना मामा किती, मावश्या किती, कोण कशाने गेलं, सगळं खोदून विचारायच्या. लस देताय की सोयरीक जुळवताय, म्हणून गल्ली त्यांची फिरकी घ्यायची. काल त्याच खोडीपायी सून बोलून गेली होती, की तिचे दोन धाकटे भाऊ वर्षाचे व्हायच्या आतच गेले. एकाचा खोकला हटला नाही. दुसऱ्याला लस टोचली त्याच बाजूच्या काखेत गाठ आली, फुटली, आणि ताप उतरलाच नाही. माहेरी त्याला नशीब म्हणत. बाईंना ते नशीब पटलं नाही. त्यांनी संध्याकाळीच डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी सोपं करून सांगितलं. काही बाळांच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी जन्मतःच नसतात. यातला एक प्रकार आईकडून मुलग्यांना येतो. आई स्वतः ठणठणीत असते. क्षयाच्या लशीतले जंतू कमजोर केलेले, पण जिवंत असतात. इतरांच्या अंगात ते गुमान राहतात, अशा बाळात मात्र डोकं वर काढतात. म्हणून आधी रक्त तपासायचं. तोवर ही लस नाही, तोंडात पोलिओचे थेंबही नाहीत. दोष निघालाच तर उपचार आहेत, आणि जेवढं लवकर कळेल तेवढं बाळाच्या फायद्याचं.

“म्हणजे माझ्यामुळे?” सुनेने विचारलं.

“तुझ्यामुळे नाही गं,” बाई म्हणाल्या. “तू सांगितलंस, म्हणून थांबता आलं.”

मुलगा उरलेली दाढी करायला आत गेला; रजा होतीच, रक्त आजच देऊन येऊ म्हणाला. आजी मात्र अडल्या. उभ्या गल्लीला दंडाला धरून लशीला नेलं, आता मीच नातू घरी ठेवला तर लोक काय म्हणतील?

फोन न करता बाई स्वतः आल्या होत्या त्या यासाठीच. या उंबऱ्यावरून निघालेली बातमी दूधवाल्याच्या आधी घरोघर पोचते, हे त्यांनी आजींना तोंडावरच सांगितलं. दुपारपर्यंत ‘टोचणबाईच लस नको म्हणाल्या’ एवढंच पसरलं असतं, आणि दवाखान्यात चिटपाखरू फिरकलं नसतं. आजींनी हा आरोप नाकारला नाही. थोडा आवडलाही असावा.

चपला घालण्याआधी बाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने, सांगितलं तर चालेल, अशी मान हलवली.

“आजी, एकच करा,” बाई म्हणाल्या. “कुणी विचारलं तर अर्धं सांगू नका. याच्या दोन मामांचं असं झालं होतं, म्हणून याचं रक्त तपासेपर्यंत थांबवलंय, आणि बाकीच्यांनी आपापली बाळं आज दवाखान्यात आणायचीच. एवढं सगळं सांगा.”