पायथ्याशी बॅगा सांभाळणारी

गड असो, नाहीतर डोंगरावरचं देऊळ; चढायची वेळ आली की मी पायथ्याशी. नवरा आणि लेक वर जाणार, मी तिघांच्या बॅगा मांडीवर घेऊन बसणार. "तुझा गुडघा आहे ना," हे नवऱ्याचं ठरलेलं वाक्य. लेकीच्या उंचावरच्या एकाही फोटोत मी नाही.

तिने शाळेसाठी माया लोकांचा पुठ्ठ्याचा पिरॅमिड केला आणि खरा बघायला मेक्सिकोला जायचं ठरलं. मी तेव्हाच जाहीर केलं, "या वेळी मी वर येणार." दोघंही हसले. असा राग आला म्हणून सांगू! मग करोना आला आणि तिकिटं रद्द झाली.

म्हटलं, बरंच झालं, तयारीला वेळ मिळाला. आम्ही राहायचो ते नेदरलँड्स म्हणजे नुसतं पोळपाट, चढ म्हणून औषधाला नाही. पण झूटरमेर शहरात आमचं घर अकराव्या मजल्यावर होतं, आणि लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस असा नियम झाला होता. मी जिना धरला. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच फतकल मारली. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, फोनवरूनच पॅरासिटामॉल सांगितली. घेतली, आणि दुसऱ्या दिवशी चौथा मजला गाठला. उन्हाळा येईपर्यंत मी भाजीच्या पिशव्या घेऊन अकरा मजले चढत होते.

दोन वर्षांनी एकदाचे गेलो. जंगलातून चालत पिरॅमिडपाशी पोचलो, तर पायऱ्यांना आडवा दोर. करोनापासून वर चढणं बंद आहे, असं पहारेकऱ्याने सांगितलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. साहेबांनी सहलीच्या जुन्याच एक्सेलमध्ये नुसत्या तारखा बदलल्या होत्या! चाचण्या, फॉर्म, मास्क, सगळं दहादा तपासलं आणि नेमकं हेच नाही.

"अरे, दोन वर्षं जिने चढतेय मी!" बोलता बोलता मला रडूच फुटलं.

"जाऊ दे गं. तू बस सावलीत, आम्ही जरा फिरून येतो," असं म्हणत त्याने सवयीने बॅग माझ्यापुढे धरली.

झालं! तिन्ही बॅगा मी त्याच्याच गळ्यात घातल्या. "आज तू बस." वर नाही तर नाही, प्रदक्षिणा घालायला कोण अडवतंय? देवळात काढावेत तसे बूट काढले आणि निघाले. जमीन ही तापलेली! चार पावलांत असे चटके बसले की मी चक्क पळत सुटले. मागून लेक बूट भिरकावून, किंचाळत, "आई, वेट! वेट फॉर मी!"

माझा गुडघा दुखत होता, पण मी थांबले नाही. तिने मला मागच्या कोपऱ्यावर गाठलं आणि हात धरला. फेरी पुरी करून समोर आलो, तेव्हा नवऱ्याने फोटो काढला. त्यात आम्ही दोघी आहोत, लालबुंद आणि अनवाणी. तो नाही. तो बॅगा सांभाळत होता.