विषय क्रमांक चार: मेंढ्यांचा बंदोबस्त

जळोचीतल्या आमच्या सुखशांती पार्कात चौतीस बंगले, एक मोकळी जागा आणि एक सेक्रेटरी. तो सेक्रेटरी मी, महिपती. बिनविरोध निवडून आलो असं मी पाहुण्यांना सांगतो. दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं, हे माझी बायको सारजा सांगते, तेही पाहुण्यांच्या समोरच.

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी तेहतीस वर्षं लोकांच्या हजेऱ्या लावल्या. रिटायर झालो आणि हात शिवशिवायला लागले, म्हणून हे रहिवासी मंडळ. कॉलनीच्या फळ्यावर बातम्या मी लिहितो. पाणी कधी येणार, कुणाच्या मुलीला बारावीत किती टक्के पडले, हळदीकुंकू कुणाच्या गच्चीवर. पण साधी गोष्ट साध्या शब्दांत लिहिली तर मला जेवण गोड लागत नाही. पाणी उशिरा येणार असलं की मी लिहिणार, 'सदरहू पाणीपुरवठा अपरिहार्य कारणास्तव विलंबाने होईल.' बायका फळा वाचतात आणि मग सारजाला येऊन विचारतात, "वहिनी, पाणी येणार हाय का न्हाय?"

यंदा मंडळानं मोकळ्या जागेत बाग करायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं मी, बाकीच्यांनी चहा घेतला. लॉन लावलं, कडेनं जास्वंद लावली, उद्घाटनाच्या पत्रिका छापून आणल्या. उद्घाटनाला तीन दिवस राहिले असताना द्वारकाबाईंच्या पाच मेंढ्यांनीच उद्घाटन उरकून टाकलं. हिरवं म्हणून काही शिल्लक ठेवलं नाही.

द्वारकाबाई शेवटच्या प्लॉटवर राहतात. प्लॉट पडायच्या आधीपासून त्या तिथंच आहेत, तेव्हा खरं बघितलं तर कॉलनीच त्यांच्या शेजारी राहायला आली. नवरा गेला, मोठा कळप मोडला, आता ह्या पाच मेंढ्या. मुलगा लखन पुण्यात हडपसरला चौथ्या मजल्यावर राहतो आणि आईला न्यायला सारखा मागं लागलेला असतो. बाईंचं एकच उत्तर, "मेंढरं हायती तवर मी हितनं हालायची न्हाय."

आता एक गोष्ट मी कॉलनीत कुणाला सांगितली नव्हती. माझा बाप सुप्याच्या माळावर मेंढरंच राखायचा आणि मी सहाव्या वर्षापासून त्याच्या कळपापुढं चाललेला माणूस. पण कुणी विचारलं की मी म्हणायचो, "वडिलांचा पशुधनाचा व्यवसाय होता." पशुधन! बापाच्या कानावर गेलं असतं तर काठीनं हाणला असता मला. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात द्वारकाबाईंनी विचारलं होतं, "तुमचा वाडा कुठं बसायचा वं?" मेंढरांच्या रानातल्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. मला सगळं कळलं होतं, तरी मी तोंड वर करून म्हणालो, "मी टाइम ऑफिसला होतो."

तर झालं असं, की रविवारी सकाळी दहाला त्या उजाड लॉनवरच मांडव घालून सभा बोलावली. विषयपत्रिका माझ्या अक्षरात. विषय क्रमांक चार, 'कॉलनीतील उपद्रवी जनावरांचा आठ दिवसांत कायमस्वरूपी बंदोबस्त करणेबाबत. सूचक: सेक्रेटरी.' 'कायमस्वरूपी' ह्या शब्दावर मी इतका खूश होतो की सारजाला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लाज न्हाय वाटत?" मला वाटलं, तिला प्रशासनातलं काय कळतंय!

पहिले तीन विषय झटपट उरकले. चौथ्याला अध्यक्ष बापूसाहेबांनी घसा खाकरला. हे मूळचे कोऱ्हाळ्याचे, ऊसवाले, नातवंडांच्या शाळेपायी इकडं घर बांधलेले, मनानं गरीब माणूस. "द्वारकाबाई, तुमचं काय म्हणणं हाय?"

बाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "म्हणणं काय असतंय? मेंढरं गेली की मी बी जाते. लखनला फोन लावा, येईल न्यायला." एवढं बोलून बसल्या.

स्वरूपा, आमच्या समोरच्या घरची सून, हळूच म्हणाली, "राहू द्या की, काका." सभा पाघळायला लागलीय हे मी ओळखलं. तेहतीस वर्षांत एकाला उशिराची सूट दिली नव्हती, ती इथं देणार होतो काय? ठराव वाचायला मी माइक हातात घेतला आणि सवयीनं त्यावर दोन टिचक्या मारल्या.

माइक असा काही किंचाळला की लोकांनी कानावर हात ठेवले. पलीकडं बाईंच्या दारात जाळीत कोंडलेल्या मेंढ्या बिथरल्या. जाळीचं फाटक ढकलून पाचही बाहेर पडल्या आणि सुटल्या त्या थेट डांबरी रस्त्याकडं. कारखान्याचा हंगाम चालू, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चाललेले. सगळी सभा उठून त्यांच्या मागं पळाली. कुणी हाड हाड करतंय, कुणी टाळ्या वाजवतंय, बापूसाहेब तर कशासाठी कोण जाणे, खुर्ची उचलून धावले. मागं लागलं की मेंढरू पुढंच पळतं, हे त्यांना कोण सांगणार? द्वारकाबाई उठल्या, गुडघा लचकला, तशाच खाली बसल्या. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.

आणि माझं तोंड मला न विचारता उघडलं.

जीभ टाळूला लावून, पोटातून, बाप द्यायचा तशी लांब हाक. चाळीस वर्षांत ती दिली नव्हती. पुढची म्हातारी मेंढी डांबराच्या कडेला थांबली. कान हलवले, मान वळवली. मग मी करायचं तेच केलं, पाठ फिरवली आणि हाक देत मांडवाकडं चालायला लागलो. मेंढरामागं धावायचं नसतं, पुढं चालायचं असतं. मागून खुरांचा आवाज आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ट्रॅक्टर भोंगा वाजवत निघून गेला.

इस्त्रीची पांढरी पँट, नाकावर चष्मा, काखेत ठरावाची फाइल आणि मागं एका ओळीत पाच मेंढ्या, अशा थाटात मी सभेत परत आलो. सारजा पदर तोंडात कोंबून हसत होती.

बापूसाहेबांनी खुर्ची खाली ठेवली. "सेक्रेटरी, हे टाइम ऑफिसला शिकवत्यात व्हय?"

लोक हसले. द्वारकाबाई हसल्या नाहीत. माझ्याकडं बघत म्हणाल्या, "हाक सुप्याकडची हाय. कुणाचा रं तू?"

आठ वर्षं अहो-जाहो करणारी बाई अरे-तुरेवर आली आणि मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गेणबाचा," मी म्हणालो.

मग मी विषय क्रमांक चारचा सूचक म्हणून नाव मागं घेतलं. सूचकच नाही म्हटल्यावर विषय पडला. बापूसाहेब म्हणाले, "ते झालं, पण बाग पुन्हा लावायची तर रोज ह्या मेंढ्या चरायला कालव्याच्या चारीकडं न्यायच्या कुणी? बाईंचे गुडघे तर असे."

"सेक्रेटरी नेतील की," सारजा म्हणाली. टाळ्या पडल्या, आणि ठराव लिहून घ्यायचं कामही माझ्याकडंच आलं.

आता रोज सकाळी मी पाच मेंढ्या घेऊन कालव्याच्या चारीला जातो. द्वारकाबाई चारीवरच्या मोरीच्या पुलापर्यंत येतात आणि कठड्यावर बसतात. परवा एका मेंढीच्या लोकरीतली कुसळं काढता काढता त्यांनी विचारलं, "गेणबा हाय का रं?"

"न्हाय. सोळा वर्सं झाली."

"आन मेंढरं?"

"मीच इकायला लावली. म्हटलं, पोराला नोकरी हाय, आता कशाला रानोमाळ हिंडायचं? दारात खुर्ची टाकून दिली हुती त्यांना."

बाईंचा हात थांबला. "मग किती दिस बसला?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"सहा म्हैनं," मी म्हणालो, आणि मला रडू आवरेना.