पानाची खालची बाजू

सासरे मला खरबुजाच्या प्लॉटवर कामाला न्यायचे तेव्हा आधी सासूबाईंकडून विचारून घ्यायचे, सून मोकळी आहे ना. महिन्याच्या त्या चार दिवसांत बाईनं वेलात पाय टाकला की वेल बसतो, असं त्यांचं ठाम मत. राणीसावरगावात हे मत पटणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यांना कधी विचार करायची वेळच आली नाही.

त्या माघात तीन दिवस सलग धुक्याची दाट धुई पडली आणि पानांवर पिवळे डाग दिसू लागले. मी एक पान उलटलं. खाली करडी-जांभळी बुरशी. माहेरी पिंगळीला आई काकडीचं पान न् पान उलटून बघायची, त्यामुळे हा केवडा रोग मला ओळखू यायचा. दीर मात्र शेतीची पदविका घेतलेले. त्यांनी बांधावरूनच, काळा चष्मा न काढता, भुरी रोग ठरवला आणि त्यावरचं गंधक आणलं.

"भाऊजी, भुरी पांढरी असती, पानाच्या वर. हे खाली हाय, केवडा हाय," मी म्हणाले.

"वैनी, तुमी भाकरीचं बघा," ते म्हणाले. पदविकेत एवढंच शिकवलं असावं.

भर उन्हात गंधक मारलं. केवडा तसाच राहिला, वर पानं करपली. मग चूक कुणाची हे शोधायला तिघं बापलेक बांधावर बसले आणि माझ्यापाशी येऊन थांबले. विटाळ. नवरा मान खाली घालून बसला होता. मान खालीच होती, तर एखादं पान तरी उलटायचं.

मला, आणि मग सगळ्याच बायांना, प्लॉटात जायची बंदी झाली. तीन आठवडे एकाही बाईचा पाय तिथं पडला नाही आणि तेवढ्यात सगळा प्लॉट वाळून गेला. सासऱ्यांना मी हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "रस्त्यानं जाताना सावली पडली असंल तुजी." मला रडू यायला हवं होतं. त्यांची कीवसुद्धा आली नाही.

आता मागच्या दारी मी काकडीचे सात वेल लावलेत. त्या चार दिवसांत स्वयंपाकघरात कशाला शिवायचं नसतं, म्हणून वेळच वेळ असतो. सकाळी वेलांत बसते, एकेक पान उलटते, डागाळलेलं खुडते, मग काकड्या तोडते. सासरे त्या मीठ लावून रोज खातात. लय गोड हायेत म्हणतात.