थुंकायची नोकरी

आम्ही राहतो बोरगाव मेघेला, वर्धा जिल्ह्यात. तिथं दारूबंदी. मी कामाला आहे ते हॉटेल दारू तपासणाऱ्या नाक्यापलीकडं, नागपूर जिल्ह्यात. तिथं वाईन चालते. रोज अशी सीमा ओलांडली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, हॉटेलच्या व्हॅनमध्ये ते आपल्याआधी बसलेले असतात.

पहिल्या दिवशी, वाईन शिकवायला मुंबईहून आलेल्या राणे सरांनी आम्हा चौघा कामगारांना मर्लो नावाची रेड वाईन दिली. "घोट घ्या, तोंडात फिरवा, बादलीत थुंका."

कोणीच थुंकेना. सरांसमोर थुंकायचं कसं? गाल फुगवून आम्ही रांगेत मागच्या दारानं बाहेर गेलो, लिंबाखाली थुंकलो आणि तोंड पुसून परत आलो. सर बादली घेऊन तसेच उभे होते.

*

मग सर म्हणाले, "वास सांगा." वाईनच्या कार्डावर प्लम या फळाचं नाव लिहिलं होतं. मी प्लम कधी खाल्लं नव्हतं. आठवीत शाळा सुटली, चारचौघांत बोलायची सवय नाही. तरी हळूच म्हणालो, "पिकलेली जांभळं. अन् मागून कात."

स्वयंपाकघरातला प्रमोद म्हणाला, "चुना नाई लागला का बे?"

सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कार्डावर प्लम खोडून जांभूळ लिहिलं.

*

त्याच संध्याकाळी घरी परतताना नाक्यावर पोलीस शिपायानं माझ्या बाहीचा वास घेतला. बाहीवर मर्लो सांडली होती.

"प्यायला का?"

"नाही साहेब, थुंकलो."

"कायले?"

"तेच काम आहे."

त्यानं व्हॅनमधल्या सगळ्यांकडं पाहिलं. "तुमच्या हॉटेलात पैसे देऊन थुंकाले लावते?" मग मान हलवत आम्हाला सोडलं.

*

पुढं मालकांनी ठरवलं, मर्लोसोबत आपल्याकडचा एक पदार्थ द्यायचा. ज्याचा पदार्थ पसंत पडेल, त्यानंच पाहुण्यांच्या टेबलाशी उभं राहून वाईन समजावून सांगायची. मला ती जागा हवी होती.

प्रमोदनं सावजी मटण आणलं. घोट घेतला तर जिभेला आगच लागली. दुसऱ्यानं आणलेल्या अंबाडीच्या आंबट भाजीपुढं वाईन पाणी झाली. मी डबा उघडला. आईचं वांग्याचं भरीत होतं, तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, तुराट्यांच्या जाळावर भाजलेलं. बाबांच्या पोटदुखीपायी तिखट कमीच. सरांनी एक घास खाल्ला, वर एक घोट घेतला आणि डबा स्वतःकडं ओढला.

हॉटेलात मात्र तेच भरीत गॅसवर जमेना. धुराचा वास येईना.

आईला बोलवायचं तर पंचाईत. शेजारच्या बेबीकाकूला तिनं सांगून ठेवलं होतं, पोरगा चहा-नाश्त्याच्या हॉटेलात आहे.

"दारूच्या बाजूले माह्यं भरीत ठेवतं?"

"आई, एकदा नुसता वास घेऊन पाह्य. नाई पटलं तर सोडून देतो."

दोन दिवस तिनं डब्यात नुसती चटणी-भाकर दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे दारात तुराट्यांची मोळी बांधलेली दिसली.

*

हॉटेलच्या मागं तिनं चूल मांडली. वांगी भाजून झाल्यावर मी ग्लास तिच्यापुढं धरला. तिनं पदर नाकाशी नेला, मग बाजूला केला. वास घेतला. भरताचा घेतला. पुन्हा ग्लासाचा.

"वांगं कच्चं पडून राह्यलं याच्यापुढं. अजून भाजा."

राणे सर स्वतः वांगी घेऊन चुलीशी बसले.

दुपारी मालकांनी दोनदा भरीत मागितलं आणि मला म्हणाले, "रविवारपासून टेबलाशी तू." आईनं ते ऐकलं. भांडं घासत राहिली.

संध्याकाळी ती आमच्याच व्हॅनमध्ये, पुढच्या सीटवर. नाक्यावर तोच शिपाई. मला पाहून हसला.

"काय, आजही थुंकून आला का?"

मी खाली पाहिलं. आईनं खिडकीची काच पूर्ण खाली केली.

"नुसता थुंकत नाई साहेब. पह्यले वास वळखते."