अण्णांचं सरकार आणि शुक्रवारची बोट

बेटावरून उठून जाता येत नाही, म्हणून तिथले किस्से साचत जातात. आम्ही अकरा मराठी माणसं, कतारच्या किनाऱ्यापासून बोटीने काही तासांवर, तेलाच्या टाक्यांच्या बेटावर. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी डिप्लोमा अर्धवट सोडून आलेला वेल्डर. बाकी सगळे काका. आणि काका लोकांना दुसऱ्यावर राज्य केल्याशिवाय जेवण पचत नाही!

* * *

आमचे इंजिनियर क्वेलसाहेब इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटाचे. त्यांना इंग्लंडचे म्हटलं की लालबुंद! "राणी तीच, पण पार्लमेंट आमचं स्वतःचं. हजार वर्षांचं! इंग्लंडकडे फक्त संरक्षण आणि परराष्ट्र खातं."

स्टोअरकीपर अण्णा जोगळेकरांनी हे मेसमध्ये आम्हाला मराठीत समजावलं, आणि समजावता समजावता त्यांचेच डोळे चमकले.

"म्हणजे बेट म्हटलं की सरकार पाहिजेच."

दुसऱ्या दिवशी अण्णा पंतप्रधान! मी विचारलं, "निवडणूक कधी झाली?"

"तू ड्युटीवर होतास तेव्हा."

* * *

क्रेन चालवणारे मालवणचे भाऊ सावंत संरक्षणमंत्री. संरक्षण कशाचं? मेसमधल्या लोणच्याच्या बरणीचं. आठवड्यात बरणी अर्धी! चौकशी समिती नेमली, अध्यक्ष भाऊच. अहवाल एका ओळीचा:

"गरमीन आटला आसतला!"

* * *

परराष्ट्र खातं पाटीलकाकांकडे, कारण केरळचा कुक फक्त त्यांच्याशी बोलायचा. तह झाला: आठवड्यातून दोनदा आमटी मिळणार, आणि सांबाराला कुणी नावं ठेवायची नाहीत.

पहिल्याच जेवणात पाटीलकाका म्हणाले, "या सांबारात एवढं वांगं कशाला?"

कुकने झारा खाली ठेवला. "खलास!"

चार दिवस आम्ही खुबूस, म्हणजे अरबी रोटी, आणि दही खाल्लं.

* * *

साहेबांच्या बेटावर दोन सभागृहं, म्हणून आमच्याकडेही दोन. वरचं चाळिशीच्या पुढच्यांचं. खालच्यात मी. एकटा! तरी मी तोंड उघडलं की अण्णा ताटावर चमचा वाजवायचे, "खालच्या सभागृहाने शांतता राखावी!"

याच वरच्या सभागृहाने कलम चार पास केलं: लग्न न झालेल्याला शुक्रवारची सुट्टीची दोह्याची बोट नाही, तिथे त्याचं काय काम? बोटीची यादी अण्णा करायचे, साहेब न बघता सही ठोकायचे.

एरवी मी दोन शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण माझा थोरला भाऊ दोह्यातच, अल सद्द भागात ड्रायव्हर होता, आणि तो शनिवारी कायमचा गावी चालला होता. दहा महिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"अण्णा, दादा चाललाय हो!"

"कायदा म्हणजे कायदा, बाळ."

बाळ! मला मिशा होत्या.

* * *

साहेबांच्या बेटावर वर्षातून एकदा टेकडीवरून सगळे कायदे मोठ्याने वाचतात, आणि त्या दिवशी कुणीही खाली उभं राहून सरकारला अर्ज देऊ शकतो. अण्णांना हे फार आवडलं. आमच्याकडे टेकडी नाही, म्हणून गुरुवारी दुपारी ते केबलच्या लाकडी ड्रमवर चढले. समोर खुर्चीत प्रमुख पाहुणे क्वेलसाहेब, पार भारावलेले.

कायदे वाचून झाले. मी पुढे झालो आणि अर्ज मराठीत खणखणीत वाचला: "हे सरकार कुणी निवडलेलं नाही. पंतप्रधान ढोंगी आहेत. मला उद्या माझ्या भावाला भेटायचंय, आणि अडवणारे तुम्ही कोण?"

साहेबांनी वर बघून विचारलं, "काय म्हणतोय तो?"

अण्णांना घाम फुटला. "सर... ही इज थँकिंग द गव्हर्नमेंट."

साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले! म्हणाले, आमच्याकडे अर्जात नुसत्या तक्रारी असतात, सरकारचे आभार मानणारा मी आजवर पाहिला नाही. या मुलाला उद्या दोह्याला न्यायलाच हवं! त्यांनी यादी मागवली, खिशातून पेन काढलं. बोटीत जागा आठ, यादीत नावं आठ.

"एक नाव काढावं लागेल," म्हणत साहेबांनी सगळ्यात वरचं नाव खोडलं. "द प्राइम मिनिस्टर मस्ट स्टे विथ हिज पीपल!"

शुक्रवारी दुपारी अल सद्दला दादा बॅग भरत होता. मला दारात बघून त्याच्या हातातला शर्ट खाली पडला.

"अरे, तुला बोट कशी मिळाली?"

"सरकारचे आभार मानले."