धागा बांधलेली कॅसेट

मी देवाला मानते, पण भूतखेत, भानामती असलं काही कधी मानलं नाही. चौथीपर्यंतच शिकले, तरी वाचायची सवय सुटली नाही. मासिकांत लोकांचे असे अनुभव छापून येतात ते मी चवीने वाचते आणि वाचून झालं की हसते. त्यांत पिंपळ असतो, अमावस्या असते, पांढऱ्या साडीतली बाई असते... माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. भर दुपारी, साडेतीनच्या सुमारास, कूलर चालू असताना, गोळीबार चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो आला. सत्त्याऐंशी सालचा एप्रिल महिना होता. छापायला पाठवायची माझी हिंमत नाही, म्हणून या वहीत लिहून ठेवते.

आम्ही विणकर. हे मागावर बसायचे आणि मी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत चरख्यावर गुंडाळून द्यायची. वीस वर्षं तसंच चाललं. मग आदल्या दिवाळीनंतर यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात नाही. माग बंद पडला. बोलता येत होतं, पण यांनी बोलणंच सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एकदा जेवायला उठवलं तर म्हणाले, "मले काहून उठवतं वं? मी आता कोणत्या कामाचा आहो?" ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं होतं.

माझा धाकटा भाऊ नामदेव मस्कतला फिटर होता. जानेवारीत सुट्टीवर आला तेव्हा त्याने एक कॉम्प्युटर आणला — टाइपरायटरसारखी चपटी पेटी. ती टीव्हीला जोडायची आणि टेपरेकॉर्डर तिला जोडायचा. कामठीला त्याच्या खोलीत टीव्ही नव्हता, म्हणून तो पेटी घेऊन आमच्याकडेच येऊन बसला. एका कॅसेटमध्ये खेळ होता. पडद्यावर काळं आकाश, चांदण्या, आणि नुसत्या रेघांनी काढलेली जहाजं. एक जहाज आपलं. एका ग्रहावर माल स्वस्त घ्यायचा, दुसऱ्यावर नेऊन विकायचा, वाटेत लुटारू आडवे आले तर लढायचं. सगळ्यात कठीण काम बंदराचं. आकाशात एक मोठा ठोकळा स्वतःभोवती फिरत असायचा, त्याला एक बारीक फट. आपलं जहाज त्याच्याच चालीने फिरवत त्या फटीतून आत घालायचं. नामदेव रोज तिथे आपटून फुटायचा.

आठ-दहा दिवस झाले असतील. नामदेवचं जहाज पुन्हा फुटलं, आणि मागून आवाज आला, "घाई काहून करून राहिला बे साळ्या? फट सामोर येऊ दे, मंग सोड." हे उठून बसले होते! मागाच्या उभ्या धाग्यांमधून धोटा कधी सोडायचा हे ज्याला कळतं त्याला फट बरोबर दिसली. नामदेवने पेटी यांच्यापुढे सरकवली. डाव्या हाताने यांनी तिसऱ्या खेपेला जहाज आत घातलं.

नामदेव परत जाताना पेटी ठेवून गेला. म्हणाला, जिजाजी, जहाज तुमच्या हवाली. तेव्हापासून हे रोज दुपारी बसायचे. जेवताना मला सांगायचे — आज अमक्या ग्रहावर गेलो, तिथले व्यापारी लबाड. मी एकदा विचारलं की हा खेळ संपतो कधी? तर हसले. "संपत नाही वं हा. वाटलं तिकडं जायचं. मालक आपणच." जन्मभर दुसऱ्याच्या सुतावर विणत आलेल्या माणसाच्या तोंडचे ते शब्द... मला फार बरं वाटलं.

खेळ थांबवताना जहाज कुठवर आलं, त्यात काय माल आहे, हे सगळं दुसऱ्या एका कॅसेटवर टेप करून ठेवावं लागे. ती कॅसेट नुसती वाजवली तर कानाला टोचणारी किरकिर ऐकू येई. पण दुसऱ्या दिवशी तीच तारेने पेटीला जोडली की अर्ध्या मिनिटात जहाज जिथल्या तिथे. यांची दोन महिन्यांची कमाई त्या किरकिरीत होती.

मार्चअखेरीस नामदेवचं पत्र आलं. आई कांड्या भरताना गायची ते गाणं तुझ्याच गळ्यात उरलं आहे ताई, टेप करून पाठव. मी चारचौघांत कधी गायले नाही. कांड्या भरताना म्हणायची, पण मागाच्या खटखटीत कोणाला ऐकू जात नसे. एक दिवस संध्याकाळी हे हाताच्या व्यायामाला दवाखान्यात गेले तेव्हा मी दार लावून घेतलं. खेळाची कॅसेट टेपमध्येच होती, पेटीजवळ आणखी दोन कॅसेटी होत्या. एकीच्या डबीला लाल धागा बांधलेला. आमच्या घरची रीत अशी की लुगडं विणून झालं की घडीला धागा बांधायचा. धागा आहे म्हणजे काम संपलं, कोणीही उचलावं. धागा नाही ते चालू काम, त्याला हात लावायचा नाही. मी धागेवाली घेतली, गायले, उलटी फिरवून ऐकली. स्वतःच्या आवाजाची लाज वाटली, पण गाणं नीट उतरलं होतं. मग कॅसेट नामदेवसाठी फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पेटीपुढे बसले आणि इकडेतिकडे पाहू लागले. "माझी कॅसेट कुठी गेली वं? वळखू यावी म्हणून धागा बांधला होता. दातानं गाठ मारली."

म्हणजे माझं गाणं यांच्या जहाजावरच टेप झालं होतं. रीत त्यांनीही लहानपणापासून पाळलेली, पण ही कॅसेट त्यांना लुगडं वाटली नव्हती. मी फळीवरून ती काढून हातात दिली. तिच्यावर काय केलं ते सांगितलं नाही. मला पुन्हा ती भिंत दिसत होती, आणि भिंतीकडे वळलेली पाठ.

यांनी कॅसेट लावली. अर्धं मिनिट झालं, एक झालं. पडदा तसाच. "आज वेळ लावून राहिला," हे म्हणाले. चाकं फिरत होती. माझं गाणं चार मिनिटांचं होतं... मी मनातल्या मनात ते म्हणत उभी राहिले, दुसरं काय करणार? शेवटची ओळ संपली, आणि पडद्यावर यांचं जहाज आलं. तेच बंदर, तोच माल, सगळं कालच्यासारखं.

 मग मी यांना सगळं सांगितलं. यांना खरं वाटेना. आधी जहाज धागा नसलेल्या, कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलं, मग तार काढून तीच कॅसेट वाजवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं गाणं. किरकिरीचा एक ठिपकाही नाही. माझ्याकडे न बघता यांनी कॅसेट उलटी फिरवून पुन्हा लावली. मला वाटलं, रागावले.

"वीस वर्षं झाली," हे म्हणाले. "हे मले काहून नाही आयकवलं?"

पुढे आठवडाभर यांनी ती कॅसेट पेटीला जोडून पाहिली. गाणं संपायचं, जहाज एकदाही आलं नाही. शेवटी नामदेवला पाठवली. त्याने लिहिलं की हे होऊच शकत नाही. पेटीच्याच आठवणीत जहाज राहिलं असेल म्हणाला, पण मी रोज रात्री पिन काढून ठेवते. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला असेल म्हणाला, ती बाजू कोरी होती, त्यानेच वाजवून पाहिली. मग त्याने तो विषय सोडला, आणि आणखी गाणी पाठव म्हणून लिहिलं.

ती मी आता यांच्यासमोरच टेप करते. अजून लाजते, पण करते.

कसं झालं, मला माहीत नाही. मी अजून मधूनमधून विचार करते. हे करत नाहीत. विचारलं की म्हणतात, "जहाज लागलं ना वं ठिकाणाले? मंग."